‘परत येईन’ असं लिहू की नको?

पत्र, थोडक्यात

वय २६, राहणार नागपूर. सिव्हिलमध्ये बी.ई., फर्स्ट क्लास. तीन वर्षांपासून एका संस्थेत नोकरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत विहीर पुनर्भरणाचं आणि शाळांमधल्या पाणी-स्वच्छतागृहांचं काम. बाबा एसटीतून निवृत्त, धाकटा भाऊ शिकतोय.

“पाण्याच्या व्यवस्थापनात बाहेर जाऊन मास्टर्स करायचंय. घरून एवढा पैसा उभा राहणार नाही, म्हणून देशादेशांत सदिच्छा वाढावी यासाठी ज्या शिष्यवृत्त्या देतात त्या पाहतेय. प्रत्येक अर्जात दोन प्रश्न असतातच. पहिला, तुम्ही आपल्या संस्कृतीचं प्रतिनिधित्व कसं कराल? मला नाच येत नाही, गाणं येत नाही. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी बोलताना वाक्य आधी मनात मराठीत जुळवते. दुसरा, शिकून परत आल्यावर काय कराल? घरचे म्हणतात, एकदा गेलीस की तिकडेच नोकरी पाहा, इथे काय ठेवलंय? म्हणजे अर्जात लिहायचं ‘परत येईन’ आणि घरी म्हणायचं ‘तिकडेच राहीन’. खरं तर मलाच माहीत नाही मी काय करीन. मामा रोटरी क्लबमध्ये आहेत. ते म्हणतात काम होऊन जाईल, आमच्या वेळी अ‍ॅम्बॅसडोरियल स्कॉलरशिप होती. एक सल्लागार ४५ हजारांत निबंधांसकट सगळे अर्ज भरून देतो म्हणतोय. मी कोणाशी खोटं बोलू?

ता. क. गेल्या वर्षी एका गावात पुनर्भरणाच्या चरावरून दोन वस्त्यांत भांडण झालं. एका वस्तीचं म्हणणं, आमच्या वाटचं पाणी तुम्ही वळवताय. दोन महिने काम बंद. मग दोन्हीकडच्या बायकांनी मिळून रोज सकाळी दोर सोडून विहिरीची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची, असं ठरवलं. तेव्हा कुठे काम सुरू झालं. हे काही कल्चरल नाही, म्हणून अर्जात घातलं नाही.”

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकली आहे. तिच्याकडे येऊच. आधी ‘खोटं कोणाशी बोलू’ हे पाहू, कारण या गाठीत तुम्ही धरून चाललेली एक गोष्ट तपासायची राहिली आहे. सदिच्छेसाठी दिलेली प्रत्येक शिष्यवृत्ती परत येण्याचं वचन मागते, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. काही ठिकाणी ती कायद्याची अट असते, काही ठिकाणी कराराची, तर काही ठिकाणी अशी अटच नसते. निबंधात ‘भविष्यातील योजना’ विचारतात म्हणजे बाँड लिहून घेतात असं नव्हे.

अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप घ्या. भारत-अमेरिका करार १९५० चा. २००८ मध्ये तो नव्याने झाला, दोन्ही सरकारं खर्चाची भागीदार झाली आणि नावात नेहरू आले. या फेलोशिपवर जाणाऱ्याला जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा मिळतो आणि त्याला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट चिकटलेली असते. ती दोन वर्षं भरल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीत हीच गोष्ट करारात असते: कोर्स संपला की मायदेशी परतायचं आणि किमान दोन वर्षं राहायचं. अट मोडली तर खर्च झालेली रक्कम परत मागण्याचा त्यांना हक्क असतो. या दोन ठिकाणी ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ चालत नाही.

युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत परतण्याची सक्ती नाही. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँट शिष्यवृत्तीतही असा बाँड नाही, मात्र तिथे तुमचं आधीचं काम, निवडलेला कोर्स आणि पुढची कारकीर्द एका ओळीत बसते का, हे फार काटेकोरपणे पाहतात. पुढचं काम नेदरलँड्समधल्या कंपनीत करणार की यवतमाळमध्ये, हा त्यांचा प्रश्न नाही. पाण्याचंच करणार ना, एवढं त्यांना हवं.

तेव्हा खोटं बोलायची वेळ येणार की नाही, हे तुम्ही कोणता अर्ज उचलता त्यावर ठरतं. माझं मत स्पष्ट आहे. तुमचं मन ठरलेलं नसेल तर यंदा चेवनिंग भरू नका. तुम्ही पात्र आहात. दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो ते तासांत मोजतात: २,८०० तास, म्हणजे आठवड्याला ३५ तास, वर्षाला ४० आठवडे, अशी दोन वर्षं. तुमची तीन वर्षं पूर्णवेळ झालीत, तेव्हा तासांची चिंता नाही. पण अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. पोळा होऊन गेला, हातात महिनाभर. नेतृत्व, लोकांशी जुळवलेले संबंध, ब्रिटनच का आणि पुढची योजना असे चार निबंध असतात. मन ठरल्याशिवाय चौथा लिहिला तर तो पोकळच उतरेल आणि मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवतील. पुढच्या वर्षी भरा. चेवनिंगला वयाची मर्यादा नाही.

परतण्याच्या अटीबद्दल नागपूरकराला वेगळं सांगायची गरज पडू नये. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजूही झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलं गेलं आणि नोकरी सोडावी लागली. अट पाळायला माणूस आला होता, शहराने त्याला ठेवून घेतलं नाही. तुमच्या घरचे जे म्हणतात, ‘इथे काय ठेवलंय’, तो प्रश्न म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर शोधता येतं आणि ते अर्जाच्या आधी शोधायचं असतं.

तुमच्या विषयापुरतं बोलायचं तर नागपुरात बरंच ठेवलंय. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे १९५८ पासून आहे. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय इथे आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शिवाय तुमची संस्था. यांपैकी दोन ठिकाणी तुमच्या विषयात काम करणाऱ्या माणसाची वेळ घ्या आणि विचारा: अमुक कोर्स करून आलेल्या माणसाला तुमच्याकडे कुठल्या पदावर, साधारण किती पगारावर, कोणत्या मार्गाने घेतलं जातं? अर्ध्या तासाचं काम आहे. संस्थेकडेही बिनपगारी रजेचं पत्र मागून पाहा, ‘परतल्यावर रुजू करून घेऊ’ असं लिहिलेलं. मिळालं तर निबंधातल्या योजनेला पुरावा होतो. मिळालं नाही तरी घरी बोलायला तुमच्याकडे ‘वाटतं’च्या जागी ‘विचारलं’ असेल.

घरच्यांशी बोलताना एक हिशेब मांडा. शिष्यवृत्ती पूर्ण मिळाली तर कर्ज नाही, आणि कर्ज नसेल तर तिकडेच राहून ते फेडायचा दबावही नाही. ‘तिकडेच राहा’ या आग्रहाच्या मुळाशी बहुतेक घरांत हाच दबाव असतो, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

आता ता. क.

संस्कृतीचं प्रतिनिधित्व म्हणजे स्नेहसंमेलन, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. सल्लागारही तीच विकतात. कोणी सांगेल, काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीवर लिहा, नागपूरशिवाय कुठे नाही. लिहा की, पण मिरवणूक कशासाठी निघते आणि ती पाहताना तुम्हाला काय वाटतं, हे खरंच सांगण्यासारखं असेल तरच. नाहीतर ती पर्यटन खात्याची पुस्तिका होते. निवड समितीने ‘विविधतेने नटलेला देश’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलेलं असतं की पुढचं पान उलटण्याआधीच त्यांची नजर घसरते.

समितीला कळून घ्यायचं असतं ते वेगळंच. आपल्यासारखं न वागणाऱ्या, आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसांत तुम्ही काम करू शकता का? एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन गटांना तुमच्यामुळे बोलता येतं का? परदेशी जाणारा विद्यार्थी हे काम तिकडे करणार असतो. त्याने ते इथे केलंय का, एवढं त्यांना पाहायचं असतं. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्ध मंदिराला आपण रविवारी सहज फेरी मारतो. ते १९९९ मध्ये जपानी देणगीतून उभं राहिलं, आणि त्यामागे दीक्षाभूमीपासूनची सगळी देवाणघेवाण आहे. तिथे कोणी कोणाला नाच करून दाखवला म्हणून मैत्री झाली नाही.

दोन वस्त्यांनी मिळून विहिरीत सोडलेला तुमचा दोर नेमकं हेच सांगतो. तो असा लिहून पाहा. सुरुवात भांडणापासून करा: चर कोणत्या बाजूने खणायचा होता, कोण काय म्हणालं, काम किती दिवस थांबलं. मग तुम्ही काय चुकलात ते. बहुतेक तुम्ही आधी नकाशा आणि उताराचे आकडे घेऊन समजवायला गेला असाल आणि कोणी ऐकलं नसेल. तसं असेल तर तसंच लिहा. ते लपवलं की उरलेली गोष्ट खोटी वाटते. मग दोराची कल्पना कोणाची. ती गावातल्या बाईची असेल तर तिची म्हणूनच सांगा. उसनं श्रेय मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं. दोर किती हाती, गाठ कुठे मारली, पहिल्या पावसानंतर वहीत काय आकडा आला, महिन्याने काय आला. शेवटी एक वाक्य, यातून तुमच्या हाती काय लागलं. उदाहरणार्थ: ‘पाण्याचा आकडा दुसऱ्याने सांगितला तर तो आरोप असतो, स्वतः मोजला तर तो हिशेब होतो.’ माझं वाक्य वापरू नका, तुमचं तुम्ही शोधा.

आणि नेदरलँड्समधल्या एखाद्या कोर्सला अर्ज केलात तर हे त्याला किती जुळतं बघा. तिथे पाण्याचा कारभार पाहणारी जलमंडळं तेराव्या शतकापासून आहेत. आज २१ आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर गोळा करतात. बांध कोणी राखायचा आणि पाणी कोणाच्या शेतातून काढायचं, या भांडणांतूनच ती जन्मली. दोन वस्त्यांची गोष्ट तिथल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. तो त्याच्या गावातली सांगायला लागेल.

इंग्रजीचं म्हणाल तर वाक्य मनात मराठीत जुळवणं हा दोष नाही, लांब वाक्य जुळवणं हा आहे. मुलाखतीतलं उत्तर दीड-दोन मिनिटांचं ठेवा, एका वाक्यात एकच क्रियापद. हीच विहिरीची गोष्ट फोनवर पाच वेळा इंग्रजीतून रेकॉर्ड करा. दुसऱ्यांदा ऐकताना स्वतःचाच कंटाळा येईल, चौथ्यांदा ती आपोआप आखूड झालेली असेल. उच्चारांना गुण नसतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो आणि फी अठरा हजारांच्या आसपास आहे, म्हणून कोर्स नक्की करा, त्याला एकूण ६.५ लागतात की ७ आणि लेखनात वेगळी अट आहे का ते बघा, मगच परीक्षेची तारीख घ्या. मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण बहुधा लेखनातच अडकतात. दुसऱ्या भागातला निबंध २५० शब्दांचा असतो आणि ४० मिनिटांत संपवायचा असतो. सराव घड्याळ लावूनच करा.

आता मामा आणि रोटरी. मामा सांगतात ती अ‍ॅम्बॅसडोरियल स्कॉलरशिप १९४७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा विषय कोणताही चालायचा आणि तिकडच्या क्लबांत जाऊन भाषणं देणं हा कामाचा मोठा भाग असे. आज तिच्या जागी ग्लोबल ग्रँट आहे आणि तिचे नियम निराळे आहेत. फक्त पदव्युत्तर शिक्षण, एक ते चार वर्षं, आणि विषय सात ठरलेल्या क्षेत्रांपैकी एकात बसलाच पाहिजे: शांतता, रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता, माता-बाल आरोग्य, मूलभूत शिक्षण, स्थानिक अर्थव्यवस्था आणि २०२१ पासून पर्यावरण. तुमचा विषय पाणी-स्वच्छतेत बसतो. पण कोर्सचं नाव नुसतं ‘सिव्हिल इंजिनिअरिंग’ असेल आणि अभ्यासक्रमात पूल आणि काँक्रीटच जास्त असेल, तर अर्ज परत येतो. अभ्यासक्रमाची विषयवार यादी जोडा आणि पाण्याशी संबंध असलेल्या विषयांवर खूण करा.

विद्यार्थ्याला अर्ज थेट करता येत नाही, तो क्लब आणि डिस्ट्रिक्ट, म्हणजे अनेक क्लबांचा रोटरीतला विभाग, करतात. नागपूर डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतं. इकडचा एक प्रायोजक आणि ज्या देशात शिकायचं तिथला एक, असे दोन लागतात. अडतं ते दुसऱ्यापाशी, आणि मामांचा तिथे काही उपयोग नाही. विद्यापीठ ज्या गावात आहे तिथल्या क्लबला तुमच्या इथल्या क्लबने ईमेल करायचा असतो. ईमेल १५० शब्दांपेक्षा मोठा नको: तुम्ही कोण, कोणता कोर्स, कोणतं क्षेत्र, त्यांच्याकडून काय हवं. सोबत एका पानाची माहिती. ‘गरीब पण होतकरू विद्यार्थिनी’ हा सूर नको. त्यांना दान करायचं नसतं, भागीदार हवा असतो. दहा क्लबांना लिहिलं तर दोघांचं उत्तर येईल असं धरून चाला.

पैशांचं गणित असं बसतं. प्रकल्पाची किमान रक्कम ३०,००० डॉलर. डिस्ट्रिक्टच्या निधीतून जेवढे येतात त्यावर रोटरी फाउंडेशनचा जागतिक निधी ८० टक्के घालतो. क्लबांनी रोख दिलेल्या पैशांवर तो काही घालत नाही. दोन्ही डिस्ट्रिक्ट मिळून १५,००० देत असतील तर जागतिक निधीतून १२,००० येतात आणि उरलेले ३,००० क्लबांनी जमवायचे. झाले ३०,०००. ही खालची मर्यादा आहे. तुमच्या कोर्सची फी आणि राहण्याचा खर्च त्याहून जास्त असेल तर बाकीचं कुठून, हे आधीच लिहून काढा. अर्ज जाताना विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात लागतं. त्यात अट असलीच तर ती फक्त पैशांच्या पुराव्याची असावी. ‘आयईएलटीएसचा निकाल दिल्यावर’ असं लिहिलेलं पत्र चालत नाही.

आणखी एक, जे माहितीपत्रकात सापडत नाही. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं. आज ज्या अध्यक्षांनी ‘आपण करू’ म्हटलं, ते पुढच्या ३० जूनला पायउतार होतात आणि तुमची फाइल त्यांच्या कपाटात राहते. म्हणून आत्ताच्या अध्यक्षांसोबत पुढच्या वर्षीच्या नियोजित अध्यक्षांनाही पहिल्याच बैठकीत भेटा, आणि डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीत शिष्यवृत्तीचं काम कोण बघतं ते विचारून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोर्ससाठी क्लब जुळवायचं काम आदल्या वर्षीच्या दिवाळीआधी सुरू झालेलं असावं.

मामांचं नातं: रोटरी सदस्याचे पती-पत्नी, मुलं, नातवंडं, सून-जावई, आई-वडील आणि आजी-आजोबा यांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. भाची त्या यादीत येत नाही, म्हणजे तुम्ही पात्र आहात. मात्र नातं लेखी कळवायचं आणि निवडीच्या बैठकीत मामांनी बसायचं नाही. त्यांची खरी मदत एवढीच: त्यांच्या क्लबच्या साप्ताहिक सभेत तुम्हाला पंधरा मिनिटं बोलायला मिळवून द्यावीत. विहिरीवर बोला. स्लाइड पाचच.

इरॅस्मस मुंडसचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, कोर्सगणिक तारीख वेगळी. किमान दोन देशांत शिकावं लागतं, फी लागत नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात. मात्र विमानाचं तिकीट आणि व्हिसा त्यातूनच, म्हणून पहिल्या महिन्याच्या उसनवारीची सोय करून ठेवा. यंदा हाच तुमचा मुख्य अर्ज असावा, असं मला वाटतं. रोटरीची जुळवाजुळव शेजारी चालू द्या. फुलब्राइटचे अर्ज बहुधा फेब्रुवारी ते मेमध्ये असतात. चार वर्षांची पदवी, ५५ टक्के आणि तीन वर्षांची पगारी नोकरी हे तुमच्याकडे आहे, क्षेत्र पर्यावरणाचं धरावं लागेल. तोवर मन ठरलं असेल तर भरा. रोटरीची पीस फेलोशिपही आहे, मेच्या मध्यात बंद होते, पण ती शांतता-संघर्षाच्या अभ्यासाची. तुम्हाला भूजल शिकायचंय, तेव्हा फुकट मिळतेय म्हणून तिकडे वळू नका.

अनुसूचित जातीच्या वाचकांसाठी जाता जाता: राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज या सदिच्छेच्या योजना नाहीत, हक्काच्या आहेत. तिथे संस्कृतीवर निबंध नको, कागद पूर्ण हवेत. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडायची असते.

सल्लागाराला ४५ हजार देऊ नका. दुसऱ्याने लिहिलेला निबंध पकडला गेला तर अर्ज बाद होतो. नाही पकडला गेला तरी मुलाखतीत त्यातल्याच एका वाक्यावर ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारतात, आणि ते वाक्य तुमचं नसतं. त्या पैशांत आयईएलटीएस, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा) आणि साधा ३६ पानी पासपोर्ट (फी १,५०० रुपये) होऊन निम्मे उरतील. शिष्यवृत्ती ‘मिळवून देण्याचे’ पैसे कोणी मागत असेल, मग ते कोणत्याही क्लबच्या नावाने का असेना, तिथून उठून या.

शिफारसपत्रं दोन लागतील. नागपुरात पहिला विचार आमदारांचा किंवा प्राचार्यांचा येतो. ज्यांनी तुम्हाला त्या गावात उन्हात उभं पाहिलंय त्यांचं पत्र घ्या: संस्थेतले तुमचे वरिष्ठ आणि प्रोजेक्ट घेतलेले प्राध्यापक. त्यांना कोर्सचा दुवा, तुमचा निबंध आणि अंतिम तारीख एकाच ईमेलमध्ये पाठवा आणि तारीख खरीपेक्षा दहा दिवस अलीकडची सांगा. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज याच आठवड्यात टाका. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की सगळं पुढे ढकललं जातं. बंद लिफाफ्यातले तीन संच मागा, एक जास्तीचा राहू द्या.

आणि पुढच्या फेरीला गावात जाल तेव्हा त्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून आणा. ज्या बायकांच्या हातचे आकडे आहेत त्यांना विचारूनच. कोणाकोणाची नावं अर्जात लिहिलेली चालतील, तेही तेव्हाच विचारा.